निराधारपणाचा दाखला

वृद्धांना आणि अपंगांना सरकारने दरमहा काही रोख साह्य द्यावे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात कधी कडाक्याचा वाद झाल्याचे आढळत नाही. या एका गोष्टीला सर्व पक्षांची संमती आयतीच लाभत आली आहे. वाद झाला, आणि आजही होतो, तो त्यापुढच्या प्रश्नांवर: निराधार कोण हे कोणी ठरवायचे, ज्याला निराधार म्हणायचे त्याने ते कोणत्या कागदाने शाबीत करायचे, आणि मंजूर झालेली रक्कम कोणाच्या हातून त्याच्या हाती पडायची. विधिमंडळातील भाषणांत या प्रश्नांना क्वचितच जागा मिळते. ते सुटतात किंवा अडतात ते तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, तलाठ्याच्या सजात, टपालकचेरीच्या खिडकीशी आणि अलीकडे अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रापुढे. त्यामुळे या साह्याचा इतिहास केवळ शासननिर्णयांच्या तारखा लावून सांगता येत नाही. तो अंमलबजावणीच्या अंगाने पाहावा लागतो, आणि तसा पाहू गेल्यास तो आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ जुना निघतो.

राज्याच्या कामी आलेल्या माणसाच्या माघारी त्याच्या कुटुंबाचे चालविणे हा मराठी राज्याचा शिरस्ताच होता. अफजलखानाच्या प्रसंगी जे लोक पडले त्यांच्या पुत्रांना चालविल्याचा, आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन करून दिल्याचा उल्लेख कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे; पुढे पेशवाईच्या दप्तरात ‘बालपरवेशी’ म्हणून अशाच नेमणुका नोंदलेल्या दिसतात. या नेमणुकांत करुणा नव्हती असे नाही, परंतु त्यांचा पाया चाकरीचा होता: ज्याने राज्याची सेवा केली त्याच्या घराचे राज्याने पाहावे, हा तो न्याय. पुण्यात श्रावणमासी रमण्यात जी दक्षिणा वाटली जाई तिच्यावर राज्याचा फार मोठा पैसा खर्ची पडे, पण तिचाही अधिकार जातीने आणि विद्येने ठरलेला होता. जो रणात गेला नाही, ज्याने वेदाध्ययन केले नाही, असा अंध कुणबी किंवा मूलबाळ नसलेली म्हातारी मजूरीण यांना भाऊबंद, गाव आणि देवळाचे अन्नछत्र यांवाचून आसरा नव्हता. राज्याच्या हिशेबात त्यांच्यासाठी सदरच नव्हते.

इंग्रजी अंमलात जुन्या नेमणुकांची छाननी झाली, पुष्कळ इनामे इनाम कमिशनच्या चौकशीत बुडाली, आणि जे उरले त्याला १८७१ च्या पेन्शन्स अॅक्टाची चौकट पडली. या कायद्याचे एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे: पूर्वीच्या वा तत्कालीन सरकारने दिलेल्या पेन्शनीसंबंधी दिवाणी न्यायालयाला कलेक्टराच्या प्रमाणपत्रावाचून दावा ऐकता येत नसे. सरकार जे देते ते कृपा म्हणून देते, आणि कृपेबाबत तंटा उद्भवला तर त्याचा निवाडा कृपा करणाऱ्याच्याच कचेरीत व्हायचा, ही धारणा त्या कलमात स्वच्छ उमटली आहे. इंग्रज गेले, ही धारणा मात्र महसूल खात्याच्या भिंतीत मुरून राहिली.

सामान्य रयतेतील अपंगाला सरकारी पैशाचा पहिला स्पर्श झाला तो दुष्काळात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्याच्या आधारे प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. या संहितांनी दुष्काळग्रस्तांचे दोन भाग केले. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने रस्त्याच्या, तलावाच्या वा खडीच्या कामावर जायचे आणि मजुरी घ्यायची. आणि जो अंध आहे, पांगळा आहे, वेडसर आहे, वयाने गलितगात्र झाला आहे, किंवा ज्याला घरच्या आजाऱ्याला सोडून जाता येत नाही, त्याला त्याच्या गावातच फुकट साह्य पोचवायचे. याद्या गावकामगारांनी करायच्या, वरच्या अंमलदारांनी त्या तपासायच्या. गावात खरोखर निराधार कोण हे पाटील-कुलकर्ण्यांइतके कोणाला ठाऊक असणार, हा त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु ज्याचे पाटलाशी वाकडे त्याचे नाव यादीत यायचे कसे, आणि जो महारवाड्याच्या टोकाला पडून आहे तो कुलकर्ण्याच्या नजरेस पडायचा कसा, या प्रश्नांना त्या संहितेत उत्तर नव्हते. गावची माहिती आणि गावची सत्ता एकाच हाती असली की यादी हेच सत्तेचे साधन बनते.

याच ठिकाणी महाराष्ट्रातील एक प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते, आणि आपल्या राजकीय इतिहासात त्याला मिळते त्याहून अधिक जागा त्याला मिळायला हवी असे माझे मत आहे. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी आणि आदल्याच वर्षी त्यांच्या पक्षाच्या हाती आलेल्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळसंहितेतील तरतुदी मराठीत छापून खेडोपाडी वाटल्या. सभेचे कार्यकर्ते गावोगाव सभा भरवून रयतेला सांगू लागले की साऱ्याची सूट, तहकुबी आणि दुष्काळी साह्य या गोष्टी सरकारने स्वतःच्याच नियमांनी कबूल केलेल्या आहेत, आणि त्या मागताना भिण्याचे कारण नाही. यात राजद्रोहाचा एक शब्द नव्हता; सरकारचाच नियम सरकारच्याच प्रजेला समजावून सांगितला जात होता. तरीही मुंबई सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. नियम कागदावर असणे सरकारला चालत होते. तो लाभार्थ्याला पाठ असणे चालत नव्हते. साह्याच्या राजकारणातील खरी रेषा तेव्हा उघड झाली, आणि तिचे स्थान आजही फारसे बदललेले नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या चार प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साह्य मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. घटनेचे ४१ वे कलम ते हेच. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्याला राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा जोडलेली आहे, आणि त्याची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही हे घटनेनेच सांगून ठेवले आहे. कायद्याचे बळ मिळाले ते कारखान्याच्या फाटकाच्या आतील माणसाला. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची जी योजना मांडली तिच्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला, आणि कामावर अपंग झालेल्या कामगाराला रोख लाभ हक्काने मिळू लागला. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालांनाही या वर्तुळात ओढले. त्याबाहेर शेतमजूर, बलुतेदार, मोलकरीण, विडी वळणारी, सालगडी हा सारा मुलूख तसाच राहिला. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्येच वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले होते. महाराष्ट्राला मात्र त्यासाठी आणखी दोन तपे लागली.

ती लागली याचे एक कारण असे की महाराष्ट्राची सामाजिक प्रतिभा या काळात दुसऱ्या एका प्रश्नाला भिडली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ आणि त्या दुष्काळातील लक्षावधी मजुरांची कामे यांतून रोजगार हमी योजना सिद्ध झाली. तिच्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप येऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढाला काम देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य ठरले, आणि ही गोष्ट साऱ्या भारतात अपूर्व होती. दुष्काळसंहितेच्या दोन भागांपैकी पहिला, म्हणजे अंगात बळ असलेल्याचा भाग, अशा रीतीने हक्काच्या पायरीवर चढला. दुसरा भाग खालीच राहिला.

तो उचलला बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले, त्याच महिन्यात संजय गांधी यांचे अपघाती निधन झाले, आणि २ ऑक्टोबर १९८० रोजी त्यांच्या नावाने निराधार अनुदान योजना सुरू झाली. वृद्ध, अपंग, विधवा, अनाथ, दुर्धर रोगाने जर्जर झालेले अशा सर्वांना दरमहा रोख साह्य देणारी इतकी व्यापक योजना महाराष्ट्राने तोवर पाहिली नव्हती. अंतुल्यांच्या कारकिर्दीविषयी पुष्कळ कठोर लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे खरेही आहे. परंतु ज्या माणसांसाठी शासनाच्या अंदाजपत्रकात सदरच नव्हते त्यांच्यासाठी ते त्यांनी उघडले, हे श्रेय त्यांच्याकडून हिरावून घेता येणार नाही. मात्र एक गोष्ट त्यांनी केली नाही आणि त्यांच्यानंतरच्या कोणीही केली नाही. योजना शासननिर्णयावर उभी राहिली, कायद्यावर नव्हे. रोजगार हमीच्या मजुराला ‘मला काम द्या’ असे कायद्याच्या आधारे म्हणता येई. निराधाराला ‘माझा अर्ज मंजूर व्हावा ही विनंती’ इतकेच म्हणता येते.

हा अर्ज मंजूर करण्याचे काम तालुका समितीकडे असते. तिचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांनी निवडलेला. सभासदही बहुतेक अशासकीय. आणि सचिवपद महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे. लोकांच्या माणसांनी लोकांची पारख करावी, केवळ कारकुनाच्या शेऱ्यावर कोणाचे नशीब ठरू नये, हा तिच्यामागचा विचार मुळात चांगला होता. पण तालुक्याच्या राजकारणात या अध्यक्षपदाला वेगळेच मोल आले. आमदारकीचे तिकीट हुकलेल्या किंवा जिल्हा परिषदेची वाट पाहणाऱ्या कार्यकर्त्याला ते दिले जाते, कारण वर्षाकाठी शेकडो घरांना उपकृत करण्याची शक्ती त्यात आहे. सरकार बदलले की जुनी समिती जाते, नवी नेमली जाईपर्यंत अर्जांचे गठ्ठे पडून राहतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक पुढे जाते. आणि मंजुरीपत्रे कार्यक्रम घेऊन, हार घालून, छायाचित्र काढून वाटली जातात. ज्याने तीन वर्षे हेलपाटे घातले त्या म्हाताऱ्याला त्या मंचावर जे मिळते ते कोणी तरी ‘दिले’ म्हणून मिळते, आणि मतदानाच्या दिवशी त्याला तशी आठवणही करून दिली जाते.

समितीपुढे अर्ज जाण्याआधी तो पुरा व्हावा लागतो. अर्जदाराच्या पिशवीत काय काय असते ते एकदा पाहावे: शिधापत्रिका, आधारची झेरॉक्स, तलाठ्याचा अहवाल आणि त्यावरून मिळालेला उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहत असल्याचा दाखला, वयाचा दाखला, अपंग असल्यास जिल्हा रुग्णालयाचे टक्केवारीचे प्रमाणपत्र, विधवा असल्यास नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, दोन फोटो. यातला एक एक कागद म्हणजे एक एक फेरी, आणि एका फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. मराठवाड्यातील ऊसतोडणीच्या पट्ट्यात एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. नवरा तोडीला गेला, दूरच्या जिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात वारला, मुकादमाने पार्थिव रातोरात गाडीत घालून गावी पोचवले, आणि क्रियाकर्म इथे झाले. मृत्यूची नोंद मात्र जिथे मृत्यू घडला तिथेच व्हायची असते, आणि तिथल्या ग्रामपंचायतीला या माणसाचे नावही ठाऊक नसते. वर्ष उलटून गेले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. गावातल्या प्रत्येकाने जिच्या नवऱ्याला अग्नी देताना पाहिले, ती बाई कागदावर सधवाच राहते, आणि तिची प्रकरणाची पिशवी एका कागदासाठी खुंटीला लटकत राहते.

वयाची अडचण तर या साह्याच्या जन्मापासून त्याला चिकटलेली आहे आणि ती आपल्यापुरती नाही. ब्रिटनमध्ये १९०८ चा वृद्धवेतनाचा कायदा लॉइड जॉर्ज यांनी मंजूर करून घेतला, आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम टपालकचेरीतून मिळू लागली. तिथेही स्थानिक समित्या होत्या. अर्जाची चौकशी अबकारी खात्यातून घेतलेले अधिकारी करीत, आणि समिती व अधिकारी यांचे जुळले नाही तर प्रकरण वरच्या मंडळाकडे जाई. आयर्लंडात या कायद्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. तिथे जन्माची सक्तीची नोंद सुरू झाली ती १८६४ पासून. सत्तरीच्या माणसाजवळ जन्माचा दाखला असणे शक्यच नव्हते. तेव्हा ६ जानेवारी १८३९ च्या रात्री त्या बेटावर जे भयंकर वादळ झाले ते ज्याला आठवते तो सत्तरीचा, अशी कसोटी रूढ झाली. वादळ आठवणाऱ्यांची संख्या पाहता पाहता वाढली, वेतन घेणारे सरकारच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक निघाले, आणि डब्लिनच्या दप्तरखान्यात कारकून १८४१ व १८५१ च्या खानेसुमारीची बाडे उलगडून नावे शोधू लागले. लंडनला यात लबाडी दिसली. लबाडी होतीच, पण ज्या राज्याने माणसाच्या जन्माची कधी नोंद ठेवली नाही त्यानेच त्याच्या वयाचा पुरावा मागावा, यातला अन्याय तिच्याहून मोठा होता.

आपल्याकडच्या वृद्धांचीही कालगणना अशीच आहे. कोणी रझाकारांच्या वेळी गुरे राखीत होता, पानशेत फुटले तेव्हा कोणाचे लग्न व्हायचे होते, कोयनेच्या भूकंपात कोणाच्या कडेवर थोरली होती, बहात्तरच्या दुष्काळात कोणी खडी फोडली. हा हिशेब फारसा चुकत नाही. चुकतो तो त्यावरून बनवलेला दाखला. वैद्यकीय अधिकारी डोळ्यांनी पाहून वय लिहितो, मतदारयादीत दुसरेच असते, आणि आधारची नोंदणी झाली तेव्हा जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांना जी सरसकट १ जानेवारी मिळाली ती आता सर्व कागदांवर प्रमाण मानली जाते. पासष्ट वर्षे पुरी झाली की निराधार योजनेतून श्रावणबाळ योजनेत आणि केंद्राच्या वृद्धवेतनात जायचे, असा क्रम असल्यामुळे या एका आकड्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

केंद्र सरकार या क्षेत्रात उतरले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, पंतप्रधान नरसिंह राव यांच्या काळात, आणि तेव्हा त्याने निराधार वृद्धाला दरमहा ७५ रुपये देऊ केले. ती रक्कम पुढे २०० झाली, २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २००९ मध्ये विधवा आणि तीव्र अपंग यांच्यासाठी जोडयोजना आल्या. ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्राचा वाटा तेव्हापासून २०० रुपयेच आहे. लाभ मिळावा म्हणून दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, आणि ती यादी २००२ च्या पाहणीत तेरा निकषांवर एकूण ५२ गुणांपैकी गुण देऊन बनलेली. घरात काय आहे, अंगावर कपडे किती, पोट किती वेळा भरते, यांची बेरीज करून माणसाला गरीब ठरवण्याची ही पद्धत चालवणाऱ्यांचा हेतू कितीही शुद्ध असो, गावच्या सत्तेपासून ती यादी मुक्त राहिली नाही. अन्नाच्या हक्कासंबंधी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी हुकूम दिला की वृद्धवेतन दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावे. सात तारखेची ही मुदत आपल्या किती तहसिलींत पाळली जाते हे ज्याने एकदा तरी चौकशी केली आहे त्याला सांगायला नको.

इथे आणखी एका निकालाची आठवण होते. १७ डिसेंबर १९८२ रोजी, अंतुल्यांची योजना सुरू होऊन दोनच वर्षे झाली असताना, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात स्पष्ट केले की सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो त्याचा अधिकार आहे. १८७१ च्या कायद्यातील कृपेची कल्पना त्या निकालाने नोकरवर्गापुरती पुसून टाकली. ज्याने सरकारची चाकरी केली त्याचा अधिकार सिद्ध झाला. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून सरकारच्या गोदामात धान्य घातले त्याचे साह्य मंजुरीवरच राहिले. सभासदाच्या काळातील चाकरीचा न्याय तीन शतकांनीही तसाच उभा आहे, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत खेदजनक सत्य वाटते.

पैसा हाती पडण्याच्या वाटा मात्र झपाट्याने बदलल्या. मनीऑर्डर घेऊन येणाऱ्या पोस्टमनला चहापाण्याचे काही द्यावे लागे, पण तो दारी येई. पुढे खाती उघडली गेली, पुष्कळ ठिकाणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, आणि त्या बँकांचे संचालक तालुक्याचेच पुढारी. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा रद्द झाल्यावर या बँकांना त्या बदलून देण्यास मनाई झाली, शाखांतून रोकड पोचेना, आणि निराधारांच्या रांगा बंद खिडक्यांपुढे उभ्या राहिल्या. आधारची पहिली पत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिली गेली होती. त्याच क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात आता रक्कम थेट जमा होते. मधले हात कमी झाले, यात शंका नाही, आणि हा लाभ लहान नाही. पण ज्याच्या बोटांच्या रेषा खडी फोडून आणि भांडी घासून झिजल्या त्याचा ठसा यंत्राला पटत नाही, ज्याचा हात कोपरापासून नाही त्याला ठसाच नाही, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला घेऊन तो जिवंत आहे हे सांगायला त्याने कचेरीत जायचेच असते. पूर्वी अडवणारा माणूस दिसत होता, त्याच्याशी भांडता येई, त्याच्या पाया पडता येई. आता ‘वरूनच थांबलंय’ एवढेच उत्तर मिळते. आंध्र प्रदेशात घरपोच वेतन देणारे स्वयंसेवक सत्ताधारी पक्षाचा प्रचार करतील या शंकेने २०२४ च्या निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाने त्यांना या कामापासून दूर ठेवले, तेव्हा देणाऱ्या हाताचे राजकारण किती खोल जाते ते साऱ्या देशाने पाहिले.

रकमेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. महाराष्ट्रात ती दीर्घकाळ ६०० रुपयांवर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, १,००० झाली. २०२३ मध्ये १,५०० झाली. पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. इतक्या उत्पन्नात सारे कुटुंब जगते असा दाखला तलाठ्याने द्यावा आणि तहसीलदाराने त्यावर सही करावी, ही सक्तीची असत्यता आहे, आणि ती अर्जदाराच्या तोंडी घालणारे शासनच आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली आणि रक्कम १,५०० रुपयेच. अडीच लाखांच्या घरातील स्त्रीला मिळते तेवढेच एकवीस हजारांच्या घरातील विधवेला, आणि तिने एक घेतले की दुसरे बंद. लाडक्या बहिणीला पैसे मिळू नयेत असे मी म्हणत नाही; पण ज्या मतदारांची संख्या मोठी त्यांच्यासाठी नियम एका रात्रीत सैल होतात आणि ज्यांची थोडी त्यांच्यासाठी चाळीस वर्षांत होत नाहीत, हे नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

अपंगांच्या बाबतीत तर संसदेचाच कायदा आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम आपल्या २४ व्या कलमात सांगतो की अशा योजनांत अपंगाला इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक रक्कम मिळाली पाहिजे, कारण औषध, काठी, गाडी आणि सोबतचा माणूस यांचा खर्च त्याच्या जगण्यातच मिसळलेला असतो. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे दोघांना एकच रक्कम मिळत राहिली. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ मध्ये पेन्शन परिषदेच्या वतीने दिल्लीत धरणे धरले. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले, आणि त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये मिळावेत ही एक मागणी होती. आंध्र प्रदेश तेवढी रक्कम देतही होता. त्यानंतर काही महिन्यांनी महाराष्ट्राने दिव्यांगांची रक्कम २,५०० केली. कायद्याने जे २०१७ पासून देणे लागत होते ते उपोषणाच्या रेट्याने २०२५ मध्ये मिळाले.

राजस्थानने २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा करून वृद्ध, विधवा आणि अपंग यांचे वेतन शासननिर्णयातून उचलून कायद्यात आणले आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढीची तरतूद केली. रोजगार हमीचा कायदा साऱ्या देशाआधी करणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. विधिमंडळाच्या सभासदांना माझी विनंती आहे की त्यांनी तालुका समितीच्या अध्यक्षपदाचा मोह सोडावा, २१,००० ची मर्यादा काढावी, नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर लेखी कारण आणि अपील मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि हे सारे एका अधिनियमात लिहून निराधारांच्या हाती त्याची मराठी प्रत द्यावी.